ओहोटीच्या वाळूत कॉकल शोधताना: घर, कवच आणि वय ओळखायची रीत

वेल्समधल्या स्वान्सीच्या बाजारात मधोमध कॉकल, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत राहणारे खाण्याजोगे छोटे शिंपले, विकणाऱ्यांचे गाळे आहेत. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्या ढिगाला मनातल्या मनात ‘तिसऱ्या’ म्हणून टाकलं आणि पुढे सरकलो. घरी येऊन धुवायला घेतल्यावर चूक कळली. तिसरीच्या कवचावरच्या रेषा काठाला समांतर, आडव्या असतात. हाताखालच्या या शिंपल्यांच्या पन्हळी मात्र बिजागरीपासून निघून पंख्यासारख्या काठापर्यंत उतरत होत्या. कूळच वेगळं.

तेव्हापासून ओहोटीला वाळूत जाऊन हे प्राणी बघायचा नाद लागला. ब्रिटनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना स्वतः उतरून बघता यावं म्हणून ही रीत लिहून ठेवतोय. यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. लागतात गुडघ्यापर्यंतचे बूट, घड्याळ आणि थोडा दम.

आधी ओळख करून घेऊ. या प्राण्याचं शास्त्रीय नाव सेरास्टोडर्मा एड्युले. 1758 मध्ये लिनिअसने त्याला कार्डियम एड्युले म्हटलं होतं. एड्युले म्हणजे खाण्याजोगं, त्यामुळे नाव ठेवतानाच त्याचं भवितव्य ठरलं म्हणायचं. बाजूने धरून पाहिलं तर दोन्ही शिंपांचा मिळून बदामाचा आकार दिसतो, म्हणून कुळाचं नाव ‘हृदया’वरून आलं: कार्डिडी. लक्षद्वीपच्या प्रवाळांत सापडणारे अवाढव्य शिंपले याच कुळातले. उलट आंध्रात काकिनाड्याच्या उपसागरात ज्याची मोठी मासेमारी चालते आणि इंग्रजीत ज्याला ‘ब्लड कॉकल’ म्हणतात, तो नात्याने कोणीच नाही. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, उघडला की लालभडक दिसतो, आणि त्याची बिजागरी सरळ रेषेत बारीक दातांची असते. नावसाधर्म्य तेवढं.

पहिलं काम: समुद्राची वेळ

कॉकल शोधणं अवघड नाही. अवघड आहे ते समुद्राच्या आधी परत येणं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा.

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साधारण पाच मीटरचा असतो. वायव्य इंग्लंडच्या मोरकॅम बे मध्ये तो दहा मीटरच्या घरात जातो, आणि तिथली उघडी पडणारी वाळू व चिखल मिळून तीनशे चौरस किलोमीटरच्या वर भरते. इतक्या सपाट जागेवर पाणी परत येतं ते समोरून लाट बनून येत नाही. ते आधी वाकड्यातिकड्या ओहोळांतून तुमच्या पाठीमागे शिरतं. तुम्ही कोरड्या उंचवट्यावर वाकून शिंपले मोजत असता आणि किनारा व तुमच्यामध्ये कंबरभर पाणी झालेलं असतं.

5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री याच उपसागरात कॉकल गोळा करायला उतरवलेले किमान 21 चिनी मजूर बुडून मेले. त्यांना इथल्या पाण्याची काही माहिती नव्हती आणि ज्यांना होती त्यांनी पर्वा केली नाही. त्या घटनेनंतर ब्रिटनला मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा त्याच वर्षी करावा लागला. या वाळूतून लोकांना सुखरूप पलीकडे नेण्यासाठी 1548 पासून राजाने नेमलेला वाटाड्या असतो, यावरून काय ते समजा.

तर असं करा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडा. तेव्हा उधाण असतं, पाणी खूप खाली जातं आणि जास्त वाळू उघडी पडते. भांगाच्या, म्हणजे पाणी फारसं खाली न जाणाऱ्या दिवसांत कॉकलचे चांगले पट्टे पाण्याखालीच राहू शकतात. त्या किनाऱ्याचं भरतीचं कोष्टक बघा, आणि घड्याळ एक तास पुढे-मागे करायच्या ब्रिटिश पद्धतीचा हिशोब कोष्टकात धरलाय का तेही तपासा. मी एकदा नेमका तिथेच फसलो होतो. पाणी सगळ्यात खाली जायच्या दोन तास आधी उतरा, पाण्यामागोमाग खाली जा, आणि तळ गाठायची वेळ झाली की हातातलं काम टाकून परत फिरा. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणायचं नाही. एकट्याने जायचं नाही, धुकं असेल तर अजिबात नाही. घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा. अडकलात तर 999 लावून कोस्टगार्ड मागायचा. पाय रुतला तर ओढाताण करू नका. मागे बसा, वजन पसरू द्या, आणि पाय हलवत हलवत सोडवा.

कुठली वाळू

नॉर्वेच्या उत्तर टोकापासून पश्चिम आफ्रिकेत सेनेगलपर्यंत हा प्राणी आढळतो, पण त्या सगळ्या किनाऱ्यावर नाही. त्याला आडोसा लागतो. जिथे लाटा उसळून फुटतात त्या पुळणीवर कॉकल टिकत नाही, कारण ते खोल जात नाही. खाडीचं तोंड, नदीमुखाच्या आतली बाजू, वाळूच्या दांड्यामागची शांत जागा ही त्याची घरं. ब्रिटनमध्ये मोरकॅम बे, पूर्वेकडचा ‘द वॉश’ उपसागर, थेम्सचं मुख आणि वेल्समधली ‘बरी’ (Burry) नावाची खाडी या नावाजलेल्या जागा. समुद्रापलीकडे हॉलंड-जर्मनी-डेन्मार्कचा वाडन समुद्र.

पायाखालची जमीन ओळखायला शिका. नुसत्या चिखलात पाय घोट्यापर्यंत जात असेल तर तिथे त्याचे कल्ले गाळाने भरतात. स्वच्छ, कोरडी, सरकती वाळू असेल तर तिथे अन्न कमी आणि आधार कमी. या दोन्हींच्या मधली, थोडा चिखल मिसळलेली, चालताना बुटाचा ठसा स्पष्ट उमटेल पण पाय रुतणार नाही अशी वाळू शोधा. मग बोटाने एक लहान खड्डा करा. वरचा थर तपकिरी असेल आणि खाली काळा थर लागेल, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येईल. त्या काळ्या थरात प्राणवायू नसतो. कॉकल त्याच्या वरच्या तपकिरी थरात राहतं, म्हणजे वरच्या पाचेक सेंटीमीटरमध्ये. काळा रंग अगदी पृष्ठभागालाच लागत असेल तर त्या जागेवर वेळ घालवू नका.

उंचीचंही गणित आहे. भरतीरेषेजवळ राहणाऱ्या कॉकलला पाण्याखाली थोडाच वेळ मिळतो, आणि ते जेवतं फक्त पाण्याखाली. त्यामुळे वरच्या पट्ट्यातली कॉकलं हळू वाढतात. खालच्या पट्ट्यात जेवण जास्त, पण खेकडे आणि चपटे मासेही जास्त. बहुतेक वस्ती या दोन्हींच्या मधे असते. पावसाळी दिवसांत नदीचं गोडं पाणी जिथे थेट पसरतं तिथेही वस्ती विरळ होते: समुद्राच्या निम्म्याहून कमी खारेपणा त्याला फार काळ सोसत नाही.

शोधायचं कसं

कॉकलच्या पाणी आत-बाहेर करायच्या नळ्या आखूड असतात. खोल राहणाऱ्या शिंपल्यांसारखी लांब नळी वर काढून ते खाली बसू शकत नाही, म्हणून ते वरच्या थरातच असतं आणि म्हणूनच ते सापडतं. वाळूवर जवळजवळ दोन बारीक भोकं किंवा चिंचोळी फट दिसते, कधी कवचाच्या काठावर उगवलेल्या हिरव्या शेवाळाचा झुपका वर डोकावतो. सूर्य तिरपा असताना हे चटकन दिसतं. भर दुपारी दिसत नाही. काही दिसत नसेल तर बोटं वाळूत दोन-तीन सेंटीमीटर घालून सरळ ओढत न्या. ज्यांनी खाडीत पायाने चाचपून ‘मुळे’ नावाचे शिंपले काढलेत त्यांना हे सांगायला नको.

मोरकॅमचे जुने कॉकलवाले दोन हत्यारं वापरतात. ‘जंबो’ म्हणजे दोन उभ्या दांड्यांची रुंद फळी. ती वाळूवर ठेवून डोलवत राहिलं की ओली वाळू पातळ होते आणि कॉकलं आपोआप वर येतात. मग ‘क्राम’ नावाच्या तीन वाकड्या दातांच्या आखूड काट्याने ती उचलायची. बरी खाडीच्या काठचं पेनक्लॉड गाव यासाठी प्रसिद्ध होतं: गावातल्या बायका गाढवं घेऊन वाळूत उतरायच्या, पोती भरायच्या आणि मग बाजारात जाऊन विकायच्या. मासळीच्या धंद्याचा कणा बाईच असते हे वाचून मला परकं काही वाटलं नाही.

आपल्याला बघायचंय, विकायचं नाही. जंबोची गरज नाही. हाताचा पंजा पुरतो.

हातात आल्यावर ओळख पटवणं

पन्हळी मोजा. सेरास्टोडर्मा एड्युलेच्या एका शिंपेवर साधारण 22 ते 28 ठळक पन्हळी असतात. रंग मळकट पांढरा, पिवळसर किंवा तपकिरी. आकार सहसा तीन-चार सेंटीमीटर, पाचच्या वर गेलेलं दिसलं तर म्हातारं समजा. पन्हळींवर टोकदार काटे असतील तर ते दुसरं, खोल पाण्यातलं काटेरी कॉकल. वादळानंतर त्याच्या रिकाम्या शिंपा किनाऱ्यावर येतात.

खरी फसगत होते ती सख्ख्या बहिणीमुळे. सेरास्टोडर्मा ग्लॉकम ही जात बंदिस्त, निमखाऱ्या तळ्यांत राहते, जिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसते. वरून दोघी सारख्याच. ग्लॉकमचं कवच पातळ असतं आणि मागच्या बाजूला लांबुळकं होतं, पण ही लक्षणं जागेनुसार बदलतात, त्यावर पैज लावू नये. रिकामी शिंप उलटी करून आतला काठ बघा. एड्युलेमध्ये काठाच्या आतल्या खाचा थोड्याशा आत जाऊन विरतात. ग्लॉकममध्ये त्या बिजागरीच्या दिशेने बऱ्याच दूरवर जातात. बाहेरची बिजागरीची तपकिरी पट्टीही एड्युलेमध्ये जास्त लांब आणि जाड. आणि तुम्ही उघड्या खाडीच्या वाळूत उभे असाल तर बहुधा उत्तर एड्युलेच.

मोजणी, आणि शून्याचा मान

किती कॉकलं आहेत हे नुसतं बघून सांगू नका. चार लाकडी पट्ट्यांची 25 गुणिले 25 सेंटीमीटरची चौकट करा. ती वाळूवर ठेवायची, आतली वाळू पाच-सहा सेंटीमीटर खोल काढायची, पाच मिलिमीटर भोकाच्या चाळणीतून पाण्यात हलवायची आणि वर राहिलेली कॉकलं मोजायची. अशा सोळा चौकटी म्हणजे एक चौरस मीटर. समजा पाच ठिकाणी 14, 9, 21, 0 आणि 16 मिळाली. बेरीज 60, सरासरी 12, म्हणजे चौरस मीटरला 192.

त्यातलं ते शून्य गाळायचा मोह होतो. ‘इथे नव्हतीच, जागा चुकली’ असं मन म्हणतं आणि पुढची चौकट आपण नकळत जिथे भोकं दिसतात तिथे टाकतो. असं केलं की आकडा फुगतो आणि त्याचा काही उपयोग राहत नाही. किनाऱ्यापासून समुद्राकडे सरळ रेषेत चाला, दर पन्नास पावलांवर चौकट टाका, खाली जे येईल ते लिहा. मोठ्यांची वस्ती चौरस मीटरला काहीशे असते. चांगल्या वर्षी नुकती बसलेली पिल्लं हजारोंनी असतात, पण पाच मिलिमीटरच्या चाळणीतून त्यातली बरीच निसटतात हे लक्षात ठेवा.

वय वाचणं

मला सगळ्यात गोडी याच पायरीची. हिवाळ्यात पाणी गार झालं की वाढ जवळजवळ थांबते आणि वसंतात पुन्हा सुरू होते. त्या खंडाची रेघ कवचावर राहते. मी तिला थंडीची रेघ म्हणतो. रेघा मोजल्या की कॉकलने किती हिवाळे काढले ते कळतं. म्हणायला सोपं, करायला गेलं की पहिल्या पंधरा मिनिटांतच गोंधळ.

कारण प्रत्येक रेघ थंडीची नसते. वादळाने कॉकल उखडलं गेलं, उन्हाळ्यात वाळू तापली, कोणी काट्याने उकरून परत टाकलं, तरी वाढ खुंटते आणि रेघ उमटते. खरी रेघ ओळखायच्या तीन खुणा सांगतो. ती एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड जाते, मधेच विरत नाही. ती दोन्ही शिंपांवर एकाच अंतरावर असते. आणि तिच्यावरून नख फिरवलं तर लहान पायरी लागते, कारण प्रत्येक पन्हळ तिथे किंचित आत बसून पुन्हा फुगलेली असते. कवच आधी दात घासायच्या जुन्या ब्रशने धुऊन घ्या आणि ओलंच दिव्यासमोर तिरपं धरा.

मग व्हर्नियर कॅलिपरने चोचीपासून, म्हणजे कवचाच्या बिजागरीजवळच्या टोकापासून, प्रत्येक रेघेपर्यंतचं अंतर मोजा. रेघांमधली जागा वयाबरोबर कमी कमी होत जायला हवी, तरुणपणी ऐसपैस आणि नंतर चिकटून. मधलीच एखादी फार अरुंद निघाली तर त्या दोनपैकी एक रेघ खोटी असण्याचा संशय घ्या. एका शिंपेवर निकाल देऊ नका. एकाच जागेच्या वीस शिंपा घेतल्या की खरी रेघ सगळ्यांवर साधारण त्याच सुमारास दिसते आणि खोटी एखाद-दुसरीवर. बहुतेक कॉकलं दोन ते चार वर्षांतच कोणाच्या तरी पोटात जातात. नऊ-दहा वर्षं जगू शकतात, पण तसं हाती लागणं नशिबाची गोष्ट.

1962-63 चा हिवाळा युरोपात भयंकर होता. वाळूच गोठली आणि कॉकलं मोठ्या प्रमाणात मेली. गंमत अशी की कडक हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात पिल्लांचं पीक बऱ्याचदा भरघोस येतं. नुकती बसलेली पिल्लं खाणारे लहान खेकडे आणि कोळंब्या थंडीने कमी झालेल्या असतात किंवा उशिरा किनाऱ्याकडे परततात, तेवढ्यात पिल्लं त्यांच्या तोंडात न मावण्याएवढी वाढून घेतात. म्हणून एखाद्या जागी जवळजवळ सगळी कॉकलं एकाच वयाची निघाली तर दचकू नका. ते चांगलं वर्ष होतं, एवढाच अर्थ.

बादलीतलं निरीक्षण

आठ-दहा कॉकलं, चार बोटं वाळू आणि त्याच जागेचं समुद्राचं पाणी बादलीत घ्या. सावलीत ठेवा आणि हात लावू नका. थोड्या वेळाने कवच फटीएवढं उघडतं आणि आतून पाय बाहेर येतो. पाय म्हणायचं ते गुडघ्यात वाकल्यासारखं, लालसर-पिवळं, चांगलं दणकट स्नायूचं बोट असतं. ते वाळूत खुपसून टोक फुगवायचं आणि मग कवच खाली ओढून घ्यायचं, असं करत करत कॉकल आत जातं. धोका वाटला तर तोच पाय झटक्यात सरळ करून ते चक्क उडी मारतं. शिंपल्याला उडी मारताना पाहून मुलं किंचाळतात, मोठी माणसंही.

आत गेल्यावर वर दोन आखूड नळ्या राहतात, काठाला झालर असलेल्या. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. झालरीच्या टोकांवर सूक्ष्म डोळे असतात. त्यांना चित्र दिसत नाही, सावली कळते. बादलीवर हात फिरवून बघा, नळ्या क्षणात मिटतात. आत आलेलं पाणी कल्ल्यांवरून जातं आणि त्यातले सूक्ष्म शैवालाचे कण गाळले जाऊन तोंडाकडे सरकवले जातात. त्या अन्नात पाण्यात तरंगणारं शैवाल असतं, तसंच वाळूवर वाढलेलं आणि लाटेने ढवळून वर आलेलंही. बादलीतलं गढूळ पाणी तासा-दोन तासांत निवळलेलं तुम्हालाच दिसेल.

किती कॉकलं वाळूत गेली आणि किती तशीच पडून राहिली, हेही लिहून ठेवा. जे धडधाकट आहे ते फार वेळ उघड्यावर राहत नाही. पडून राहिलेल्यांपैकी काहींच्या पायात परजीवी कृमींची पिल्लं घर करून असतात. हिमॅस्थला नावाच्या कृमीला पुढे पक्ष्याच्या पोटात जायचं असतं. पाय निकामी झालेलं कॉकल वाळूवर पडून राहतं आणि पक्ष्याला आयतं सापडतं. वाहनात बिघाड करून प्रवासी वाहन बदलतो, तशातला प्रकार.

नर, मादी, पिल्लं

बाहेरून नर-मादी ओळखता येत नाहीत. ब्रिटनच्या किनाऱ्यावर साधारण मे ते ऑगस्टमध्ये नर आणि माद्या बीज थेट पाण्यात सोडतात आणि फलन तिथेच होतं. डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली तरंगती सूक्ष्म पिल्लं, दोन ते पाच आठवडे प्रवाहाबरोबर भटकतात, मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाहून लहान असतानाच वाळूवर उतरतात आणि रेशमासारख्या चिवट धाग्याने कणाला धरून बसतात. जागा पसंत पडली नाही तर तोच धागा पसरून पुन्हा प्रवाहावर स्वार होतात. मोठ्यांची गर्दी झालेल्या पट्ट्यात पिल्लं कमी बसण्याचं एक कारण ऐकायला बरं नाही: पाणी गाळणाऱ्या मोठ्या कॉकलांच्या नळीतून शैवालाबरोबर डिंभही आत ओढले जातात.

मारेकरी कोण, ते रिकाम्या शिंपेवरून

परतताना रिकाम्या शिंपा उचलत या. काठ तुटलेले, तडकलेले असतील तर खेकडा. रस्त्यावर किंवा खडकावर फुटून पडलेल्या असतील तर वरून टाकणारा सीगल. शिंप धड, पण एका बाजूने फोडलेली, आणि दोन्ही शिंपा अजून जोडलेल्या असतील तर काळा-पांढरा, लांब लाल चोचीचा ऑइस्टरकॅचर. आपल्याकडे त्याला कालवफोड्या म्हणतात आणि त्याचे भाऊबंद हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर येतात. कोकणात नसलं तरी ब्रिटनमध्ये थंडीत त्याचं मुख्य जेवण कॉकल. एक पक्षी दिवसाला दोन-तीनशे फस्त करू शकतो.

यावरून बरी खाडीत मोठा वाद झाला. पक्षी आमच्या पोटावर पाय देतात अशी कॉकलवाल्यांची ओरड होती, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हजारो ऑइस्टरकॅचर गोळ्या घालून मारले गेले. हिशोब फसला, पक्षी मारले म्हणून कॉकलं वाढली नाहीत. उलट याच खाडीत 2000 नंतरच्या वर्षांत मोठी कॉकलं उन्हाळ्यात पटापट मरायला लागली, आणि त्याचा दोष पक्ष्यांवर ढकलता येण्यासारखा नव्हता. स्पेनच्या गॅलिसियात 2012 मध्ये मार्टेलिया नावाच्या परजीवीने आरोसा खाडीतली वस्ती झोपवली. आणि 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कॉकलांमध्ये एक कर्करोग असा आहे, ज्याच्या पेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात. माणसाला त्याचा धोका नाही. पण वाळूवर तोंड उघडून पडलेली, हात लावला तरी न मिटणारी कॉकलं खूप दिसली तर जागा, तारीख आणि फोटो घेऊन स्थानिक मत्स्य कार्यालयाला कळवा.

परत ठेवणं, आणि खायचंच असेल तर

पाहून झालेली कॉकलं जिथून काढली त्याच पट्ट्यात ओल्या वाळूवर ठेवा. खुपसायची गरज नाही, ती आपली आपण जातात. खड्डे मात्र बुजवा. उकरलेल्या ढिगाखाली दबलेली पिल्लं गुदमरतात.

खाण्यासाठी गोळा करायची असतील तर आधी त्या किनाऱ्याचे नियम बघा. काही जागी बंदी असते, काही जागी परवाना लागतो, घरच्यापुरती न्यायला वजनाची मर्यादा असते, आणि साधारण दोन सेंटीमीटरच्या चौकोनी भोकातून पडणारं लहान कॉकल तिथेच सोडावं लागतं. तिथल्या पाण्याचा स्वच्छतेनुसार ठरवलेला वर्गही बघा. अ वर्गात शंभर ग्रॅम मांसामागे ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) साधारण 230 च्या आत असतात. ब वर्गाचा माल शुद्ध केल्याशिवाय किंवा नीट शिजवल्याशिवाय विकता येत नाही. सांडपाण्याच्या नळाजवळचं काहीही उचलू नका. विषारी शैवालाचा इशारा लागला असेल तर विषयच संपला, कारण ते विष उकळून जात नाही.

घरी आणल्यावर लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात चार-पाच तास ठेवा, वाळू सोडतील. फुटलेली आणि टिचकी मारल्यावर न मिटणारी फेकून द्या. शिजवताना हात आखडू नका: आतलं मांस 90 अंशांवर दीड मिनिट राहिलं पाहिजे, नुसती शिंप उघडली म्हणजे झालं असं नाही. न उघडलेली टाका. पुढे वेल्सचे लोक ती बेकन आणि लेव्हरब्रेड नावाच्या समुद्री शेवाळाच्या लगद्याबरोबर न्याहारीला खातात. मी कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि दोन आमसुलं घालून सुकं करतो. तिसऱ्यांपेक्षा चव थोडी गोडसर आणि पाय चावायला जरा चिवट लागतो. कालच्या ताटात एक शिंप पाच थंड्यांची निघाली. ती धुऊन खिडकीत ठेवली आहे.